पुसण्याआधी बघायचं: ट्रकचा मागचा ॲक्सल उघडताना

धुळ्यात तीन मोठे रस्ते एकत्र येतात. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर, आणि सोलापूरहून छत्रपती संभाजीनगर-चाळीसगावमार्गे वर येणारा. जळगाव-भुसावळची बाजू तापीच्या खोऱ्यातली, सपाट. बाकी कुठलीही दिशा धरली तरी शंभरेक किलोमीटरच्या आत घाट गाठतोच. इंदूरकडे जाताना पळासनेर ओलांडलं की बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, चाळीसगावच्या पुढे कन्नडचा औट्रम घाट (जड वाहनांना तो २०२३ पर्यंत खुला होता), नाशिकच्या वाटेवर चांदवडजवळ राहूड. भरलेला ट्रक या चढांना लागतो तेव्हा इंजिनाचा सगळा जोर शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोचतो, मागच्या ॲक्सलच्या पोटात. तिथलं काम बिघडलं की गाडी धुळ्याच्या चौफुल्यांवरच्या किंवा जळगावच्या हमरस्त्यालगतच्या गॅरेजांत येते.

‘ॲक्सल खोलायचा’ म्हटलं की मालकाच्या डोळ्यांसमोर दोन खर्च उभे राहतात, नवे पार्ट आणि गाडी उभी राहण्याचे दिवस. कसब सगळं बसवण्यात आहे, खोलणं म्हणजे नट सोडवणं, असाच बहुतेकांचा समज असतो. मला हा समज साफ चुकीचा वाटतो. ओव्हरहॉलचं निम्मं काम खोलतानाच होतं किंवा तिथेच वाया जातं. आतल्या प्रत्येक तुकड्यावर गाडी कशी चालली, किती भरली, कुठे रुतली, हे उमटलेलं असतं. ते न बघता सगळं रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवलं, की नवा पार्ट बसतो आणि जुनं कारण तसंच राहतं. चांगला मिस्त्री नव्या पोराला पहिली गोष्ट हीच शिकवतो. अहिराणीत तो म्हणेल, “पहिले देखी ले, मंग पुसजो.”

मागच्या ॲक्सलवर तीन कामं असतात. मालाचं वजन पेलायचं. प्रोपेलर शाफ्टमधून लांबीच्या दिशेनं आलेला फिरता जोर काटकोनात वळवून चाकांना द्यायचा, आणि देताना वेग कमी करून जोर वाढवायचा. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फेरे घेऊ द्यायचे. दुसरं काम क्राऊन आणि टेल पिनियन या गिअरच्या जोडीचं, तिसरं डिफरन्शियलचं. इंजिन ५०० न्यूटन-मीटर जोर देत असेल, पहिला गिअर तो सातपट करत असेल आणि ॲक्सल आणखी सहापट, तर चाकांपाशी २१,००० न्यूटन-मीटर पोचतात. घाटात बंद पडलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना हा सगळा भार पिनियनच्या जेमतेम दोन-तीन दातांवर असतो.

क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७ ही आपल्याकडच्या ट्रकांत दिसणारी एक जोडी. ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६. सरळ ४२ आणि ७ घेऊन सहाचा नीट आकडा का केला नाही? कारण तसं केलं असतं तर पिनियनचा एकच दात क्राऊनच्या त्याच सहा दातांना जन्मभर भेटत राहिला असता आणि एकाची खोड त्याच सहांना लागली असती. ४१ आणि ७ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि दोन्हींवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. म्हणून पिनियन गेला तर क्राऊनही बदलायचा. ‘क्राऊन चांगला आहे, नुसता पिनियन टाका’ असा हट्ट मालकानं धरला तर मिस्त्रीनं ठाम नाही म्हणावं.

आता खोलायला लागू. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना पाचर. ऑइल काढायचं ते गाडी चालून आल्यावर, गरम असतानाच, म्हणजे तळाला बसलेला कण न् कण त्याच्याबरोबर बाहेर येतो. आधी वरचा, ऑइल भरायचा प्लग सोडवावा आणि मगच खालचा. वरचा गंजून अडकलेला निघाला तर ते खाली ऑइल सांडण्याआधी कळलेलं बरं. खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर बारीक राखाडी चिखलासारखा थर असेल तर तो रोजच्या झिजेचा, घाबरायचं कारण नाही. नखाला टोचेल अशी चकाकती कपची असेल तर बेअरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटायला लागलाय. पितळी चमक चुंबकाला चिकटत नाही, ती ऑइलमध्ये तरंगताना दिसते, आणि ती आतल्या थ्रस्ट वॉशरची असते. दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे पाणी. पावसाळ्यात गाडी फरशीवरून वाहत्या पाण्यात घातली की तापलेलं हाऊसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं किंवा ब्रीदरमधून, म्हणजे हाऊसिंगच्या हवेच्या वाटेनं, पाणी आत ओढलं जातं. हे सगळं एका पांढऱ्या फडक्यावर ओतून पाच मिनिटं बघितलं तर पुढच्या दोन दिवसांच्या कामाचा अंदाज येतो.

प्रोपेलर शाफ्ट सोडवताना दोन्ही फ्लँजवर एकाच रेषेत खूण करायची. शाफ्ट बॅलन्स केलेला असतो. अर्धा फेरा फिरवून बसवला तर नंतर गाडी एका ठरावीक वेगाला थरथरते आणि दोष नव्या क्राऊनवर जातो.

मग ॲक्सल शाफ्ट. आपल्या ट्रकांचा मागचा ॲक्सल ‘फुल फ्लोटिंग’ असतो. गाडीचं वजन हब आणि हाऊसिंगवर, ॲक्सल शाफ्टकडे फक्त पीळ द्यायचं काम. म्हणूनच चाक न काढता, जॅक न लावता शाफ्ट बाहेर ओढता येतो. टोकाच्या फ्लँजचे नट सोडवले तरी शाफ्ट लगेच सुटत नाही, कारण स्टडभोवती निमुळत्या, चिरलेल्या बुश ठासून बसलेल्या असतात. फ्लँजच्या मध्यभागी तांब्या-पितळेच्या हातोड्यानं ठणकन एक ठोका दिला की त्या आपोआप उडून बाहेर येतात. स्टडवर छन्नी घालणारा मिस्त्री घाईत आहे असं समजावं. काही फ्लँजांना आटे पाडलेली दोन भोकं मुद्दाम दिलेली असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलं की शाफ्ट स्वतःच बाहेर सरकतो.

शाफ्ट निघाला की त्याच्या आतल्या टोकाच्या खाचा डोळ्यांच्या रेषेत धरून बघाव्यात. त्या सरळ असायला हव्यात. मळसूत्रासारख्या किंचित तिरक्या झाल्या असतील तर पोलाद कायमचं पिळलं गेलंय. तो शाफ्ट आज तुटलेला नाही एवढंच. तुटून आला असेल तर तुटलेलं तोंड बघायचं. एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा वळशांच्या रेषा आत गेलेल्या आणि शेवटी थोडा खरबरीत भाग असेल, तर भेग बऱ्याच दिवसांपासून वाढत होती. सगळं तोंड एकसारखं ताजं असेल तर एका झटक्यात तुटला. बहुधा रुतलेली गाडी क्लच एकदम सोडून काढायच्या प्रयत्नात. दोन्ही प्रकारांत नवा शाफ्ट लागणारच, पण पहिल्या प्रकारात दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तितकंच आयुष्य भोगलेला असतो, तोही काढून तपासावा लागतो.

हब खोलायचा तर आता जॅक, आणि जॅकवर नव्हे, स्टँडवर गाडी. इथे दोन गोष्टींत जिवाशी गाठ आहे. ब्रेक चेंबरच्या मागच्या डब्यात पार्किंग ब्रेकची दाबून ठेवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. तिचा लॉकिंग बोल्ट लावून ती आधी आवळून न ठेवता डबा उघडायचाच नाही. दुसरं, ड्रम निघाल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसावी. हे सांगितलं की गॅरेजमधली माणसं मान डोलावतात, पण पाइप हातातच असतो. कामाच्या रेट्यात ते होतं हे समजतं, तरी ते बंद व्हायला हवं.

हबचं ऑइल सील गेलं असेल तर लायनर ऑइलनं भिजलेलं दिसेल. धुऊन, बर्नरवर भाजून ते परत वापरायचं नाही. ऑइल आत मुरलेलं असतं आणि ड्रम तापला की पुन्हा वर येतं. बिजासनचा उतार उतरून गाडी खाली पळासनेरला येते. तिथे ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून आलेला एक ट्रक रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला, ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आल्या आणि अनेक माणसं गेली. तो ट्रक आतून कसा होता हे ठरवणं आपलं काम नाही. पण ज्याला त्या उतारावरून गाडी न्यायची आहे, त्यानं लायनरच्या पैशांत काटकसर करू नये.

हबमध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्यानं १८९८ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं. गाडी वळली की चाकावर वरून वजन आणि बाजूनं रेटा एकदम येतो, तो सरळ रोलरला सोसत नाही, म्हणून रोलर तिरपा. तोच विचार आज हबमध्येही आहे आणि पिनियनवरही. या बेअरिंगांचं आयुष्य भाराच्या साधारण ३.३ व्या घातानं घटतं. म्हणजे ठरल्यापेक्षा २५ टक्के भार जास्त पडला तर आयुष्य चौथाईनं कमी होत नाही, ते निम्म्याच्याही खाली येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार टायरच्या मागच्या एका ॲक्सलवरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन. मर्यादा कागदावर वाढली म्हणून जुन्या गाडीतल्या बेअरिंगचं पोलाद बदललेलं नाही. त्या मर्यादेवरही माल चढवणारे आहेत, त्यांच्या ॲक्सलची बिलं बघितली की हा घात बिलात दिसतो.

शाफ्ट निघाले, शू-ड्रम बाजूला झाले, आता मधला डिफरन्शियलचा संच. हा शंभर किलोच्या वरचा ऐवज असतो. भोवतीचे सगळे नट काढायचे, पण वरचे दोन अर्धवट ठेवायचे, म्हणजे गास्केटचा चिकटा सुटताच तो पायावर येत नाही. खाली ट्रॉली जॅक किंवा वरून चेन पुली, आणि मग तेही दोन नट.

संच टेबलावर आला की खरी परीक्षा सुरू होते. बहुतेक गॅरेजांत इथेच घाई होते. अजून काहीही सुटलेलं नाही तोवर तीन गोष्टी मोजून घ्यायच्या. डायल गेज लावून क्राऊन-पिनियनमधली ढिलाई. क्राऊन फिरवून त्याच्या पाठीचा वाकडेपणा. आणि दातांना रंग लावून दोघे एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते. चांगल्या जोडीत टेकल्याची खूण दाताच्या मध्यभागी, किंचित आतल्या अरुंद टोकाकडे सरकलेली अशी पडते. ती पार एका टोकाला, मुळाशी किंवा माथ्यावर असेल तर जोडी आधीच चुकीच्या जागी बसलेली होती. मग शोधायचं ते हे, की मागच्या वेळी शिम, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्या, चुकल्या की बेअरिंग झिजून पिनियन सरकला. हे खोलल्यावर कळायचा मार्ग नाही. एकदा सुटलं की पुरावा गेला.

क्राऊनच्या दाताच्या दोन बाजूंपैकी फुगीर बाजू गाडी ओढताना भार घेते आणि खोलगट बाजू इंजिन ब्रेकवर उतरताना. सपाटीवर धावणाऱ्या गाडीची फुगीर बाजू झिजलेली आणि खोलगट जवळजवळ कोरी दिसते. घाटाच्या गाडीचं तसं नसतं. खालच्या गिअरमध्ये उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं तेव्हा खोलगट बाजूवर सतत दाब असतो आणि तिथेही चकाकी येते. ड्रायव्हर ‘ओढताना आवाज नाही, पाय सोडला की घूं करते’ म्हणाला तर याच बाजूकडे बघायचं. अशा वेळी ड्रायव्हरला समोर बसवून विचारावं. मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

दातांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर पृष्ठभाग थकला. लांब ओरखडे असतील तर ऑइलचा पापुद्रा फाटून धातू धातूला लागला. ऑइल कमी होतं, चुकीचं होतं किंवा फार दिवसांचं होतं. हायपॉइड प्रकारच्या गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर घसरतातही. म्हणून त्याला गंधक-फॉस्फरसची जोड असलेलं खास गिअर ऑइल लागतं, उग्र वास येतो तो त्या गंधकाचाच. ‘नव्वद नंबर’ एवढंच सांगून आणलेल्या डब्यावर जीएल-४ की जीएल-५ हे वाचूनच तो उघडावा. नंबर जाडीचा आहे, दात वाचवणारी ताकद त्या दुसऱ्या अक्षरांत आहे.

बेअरिंगच्या टोप्या सोडवण्याआधी पंचानं डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन टिंबं. या टोप्या कारखान्यात बॉडीला लावूनच एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. ॲडजस्टिंग रिंग किती खाच फिरवली ते खडूनं लिहून ठेवायचं. क्राऊन उचलला, केजचे दोन भाग खुणा करून वेगळे केले, की आत चार भुजांचा स्पायडर, त्यावर चार स्टार पिनियन आणि दोन्ही बाजूंना सन गिअर दिसतात.

खानदेशी गाडीची सगळ्यात बोलकी जागा मला हीच वाटते. सरळ रस्त्यावर हे चार छोटे गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत, सगळा संच एकजीव होऊन क्राऊनबरोबर जातो. वळणावर ते हळूहळू फिरतात. पण रावेर-यावलकडच्या केळीच्या शेतात पावसाळ्याच्या तोंडावर गाडी काळ्या मातीत घातली, एक चाक रुतून गरगर फिरायला लागलं आणि दुसरं जागचं हललं नाही, तर क्राऊनचा सगळा वेग या चार गिअरांवर येतो. स्थिर चाकाच्या वाट्याचे फेरे फिरत्या चाकाकडे जातात आणि ते दुप्पट वेगानं फिरतं. स्पायडरच्या भुजेवर ऑइल तसंही बेताचंच पोचतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून धरतो, भुजा तापून निळी पडते, स्टार पिनियन तिला चिकटतो, आणि कधी केज फोडूनच बाहेर येतो. चारांपैकी एखादी भुजा निळी, तिच्यावर ओरखडे, क्राऊनचे दात मात्र शाबूत, अशी गाडी घाटानं नाही बिघडवलेली. ती शेतात बिघडली. तिथे चाकाखाली दगड, पाचट, फळी घालून किंवा ट्रॅक्टर लावून काढली असती तर हा खर्च आला नसता.

पाच मिनिटंही शेतात न गेलेल्या गाडीतही स्पायडर झिजलेला सापडतो. तेव्हा टायर मोजावेत. एका बाजूला नवी जोडी आणि दुसऱ्या बाजूला घासून गुळगुळीत झालेली असेल तर दोन्हींचा घेर वेगळा, म्हणजे सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला प्रत्येक फेऱ्यात फरक भरून काढावा लागतो. जे काम वळणापुरतं होतं ते जळगाव ते नागपूर अखंड चालतं.

पिनियनचा नट शेवटी. तो काहीशे न्यूटन-मीटरनं आवळलेला असतो, लांब पाइप घालून दोघांनी रेटावा लागतो. पिनियनच्या केजखालच्या शिम तारेत ओवून तशाच्या तशा टांगून ठेवायच्या. पिनियन क्राऊनमध्ये किती खोल जातो हे त्यांच्यावर ठरतं. बेअरिंग ओढायला पुलर किंवा प्रेस. निघत नाही म्हणून गॅस कटरची ज्योत दाखवायची हे फार चालतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. या गिअरांचा फक्त वरचा साधारण मिलिमीटरभर थर कडक केलेला असतो, आतलं पोलाद मुद्दाम मऊ आणि चिवट ठेवलेलं. ज्योतीनं तो थर मऊ पडतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि जोडी काही महिन्यांत जाते. तसंच धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोतानं भिंगरीसारखं फिरवणं. आवाज छान येतो, पण ऑइलविना त्या वेगाला ते खरवडतं आणि फुटलं तर रोलर गोळीसारखे सुटतात.

बसवण्याचं काम उलट क्रमानं, मॅन्युअलमधल्या आकड्यांनी आणि टॉर्क पान्यानं. खुणा, शिम आणि मापं नीट ठेवलेली असतील तर त्यात शोधाशोध उरत नाही.

पण गाडी सोडण्याआधी हाऊसिंगच्या माथ्यावरचा ब्रीदर हातानं काढून फुंकून बघावा. अंगठ्याएवढी वस्तू, कुणाच्या बिलात नसते. मे महिन्यात जळगावात ४५ अंश असताना घाट चढून आलेल्या हाऊसिंगला हात लावता येत नाही. आतली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला हीच एक वाट. धूळ, ग्रीस आणि रंगानं ती बुजली असेल तर दाब पिनियनच्या आणि हबच्या सीलवर जातो आणि ऑइल तिथून बाहेर पडतं. एकाच गाडीचं सील वर्षात तीनदा बदललेलं असेल तर सीलच्या कंपनीला बोल लावण्याआधी तिथे बघावं. ब्रीदर मोकळा, दोन्ही बाजूंचे टायर एका घेराचे, ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत, आणि पहिल्या फेरीला माल बेतानं. परत आल्यावर हबला तळहात लावून दोन्ही बाजू सारख्याच गरम आहेत ना ते बघायचं. एक बाजू चटका देत असेल तर त्या बाजूचा हब नट जास्त आवळला गेलाय किंवा ब्रेक घासतोय, आणि ते पुढच्या फेरीआधीच सोडवायचं.